वळणावर बोलणारा

नाकासमोर चालण्याबद्दल या गृहस्थाची कधीच तक्रार नसते. पूर्व द्रुतगती महामार्गावर कन्नमवारनगरपासून पार मुलुंडपर्यंत जा, हा तोंडातून अवाक्षर काढणार नाही. याला ऐकायचं तर विक्रोळी पश्चिमेला पार्कसाइटच्या चढावर यायला हवं. तिथे एका सोसायटीचं फाटक ऐन चढावर, डाव्या हाताला आहे. पहिला गिअर, स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत फिरवलेलं आणि अॅक्सिलरेटरवर दाबलेला पाय, ही तिन्ही जुळून आली की हा बोलू लागतो. कट्, कट्, कट्, कट्. चाक जितकं जोरात फिरेल तितकी लय जलद. फाटकावरच्या वॉचमनला गाडी दिसायच्या आधी हा ऐकू येतो. गाडीचं नाक वळेपर्यंत फाटक उघडलेलं असतं.

या, ओळख करून देतो. पुढच्या उजव्या चाकाच्या मागे वाकून पाहा. चाकाच्या हबमध्ये शेपूट खुपसून बसलेला, काळ्या रबरात गुंडाळलेला, मुठीपेक्षा थोडा मोठा असा जो आहे, तोच हा. कागदोपत्री नाव कॉन्स्टंट व्हेलॉसिटी जॉइंट. गॅरेजमध्ये ‘सीव्ही’ किंवा ‘बाहेरचा जॉइंट’. मालकाच्या तोंडी नुसतं ‘एक्सलचा आवाज’. इंजिनाची सगळी ताकद शेवटी याच्या हातातून चाकापर्यंत जाते, आणि तीही चाक वळत असताना, खड्ड्यात आदळून वरखाली होत असताना. इंजिनाचं कौतुक करायला बॉनेट उघडून चारचौघं जमतात. याच्यासाठी कुणी गुडघे टेकत नाही. कपडे खराब होतात.

तो ज्या घरात राहतो ती गाडीही सांगण्यासारखी आहे. बंगळूरच्या सॅन कंपनीची, गोव्यात बनलेली ‘सॅन स्टॉर्म’. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या देशात कुणीतरी दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्स कार बनवायला घेतली, ही गोष्टच मला फार आवडते. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साधारण साठ अश्वशक्ती, आणि ओढ पुढच्या चाकांची. आकडे ऐकून कुणी दचकणार नाही. पण अंगानं हलकी आणि रस्त्याला लागून बसलेली ही गाडी वळणात शिरते तेव्हा आकडे आठवत नाहीत. गाड्या थोड्याच बनल्या. त्यामुळे तिच्याकडे वळून बघणारे भरपूर आणि तिचे सुटे भाग ठेवणारे दुकानदार जवळजवळ नाहीत.

फायबरच्या अंगाची एक खोड मात्र आहे. आवाज पत्र्यातून जसा येतो तसा फायबरमधून येत नाही. तो घुमतो, जागा बदलतो. उजव्या चाकाशी झालेली कटकट कधी डॅशबोर्डच्या मागे ऐकू येते, कधी पायाखाली. आपल्या गृहस्थाच्या वाट्याला जे गैरसमज आले, त्यांत या घुमण्याचा वाटा मोठा.

घराणं सांगायचं तर याचा थोरला चुलता तुमच्या ओळखीचा असेल. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात पद्मिनी बनत होत्या तेव्हा मागची चाकं गाडी ढकलायची, आणि लांब प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याला असायचा तो ‘क्रॉस’. चार हातांचा, दणकट, चारचौघांत खपून जाणारा. टॅक्सीवाल्यांनी त्याला वर्षानुवर्षं राबवलं. पण क्रॉसला एक व्यंग आहे. तो वाकून फिरला की सारख्या गतीनं फिरत नाही. शाफ्ट तीस अंशात वाकलेला असेल तर एकाच फेरीत पलीकडची बाजू दोनदा सुमारे पंधरा टक्के पुढे धावते आणि दोनदा तेरा टक्के मागे रेंगाळते. गाडीच्या पोटाखाली कोन लहान असतो, तिथे ते चालून जातं. तोच क्रॉस वळणाऱ्या पुढच्या चाकाशी बसवला, तर स्टिअरिंग हातात थरथर कापेल.

हे व्यंग दूर करायला १९२०च्या दशकात फोर्डमधल्या आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या अभियंत्यानं आपल्या गृहस्थाला जन्म दिला. बाहेर एक वाटी, आत एक गोलसर गाभा, दोघांच्या अंगावर वाकड्या खोबणी, आणि त्या खोबणींत सहा पोलादी गोळे. गोळ्यांना जागेवर धरणारा एक पिंजरा. सगळी युक्ती पिंजऱ्यात आहे. शाफ्ट कितीही वाकला तरी पिंजरा गोळ्यांना बरोब्बर अर्ध्या कोनाच्या पातळीवर ठेवतो. त्यामुळे इकडची गती आणि तिकडची गती क्षणाक्षणाला सारखी. चाळीस-पंचेचाळीस अंशांत वाकूनही याचा शब्द बदलत नाही. ‘कॉन्स्टंट’ हे नाव तो मिरवतो, आणि मला विचाराल तर त्याला मिरवण्याचा पूर्ण हक्क आहे.

मुंबईच्या मेस्त्रींशी याची खरी गाठ पडली ती मारुती ८०० आल्यावर. १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी बघता बघता घरोघरी झाली. क्रॉस ठोकून काढण्यात आयुष्य घालवलेल्या हातांना हा नवा पाहुणा नाजूक वाटला. नाजूक तो नाही. त्याचं वस्त्र नाजूक आहे.

वस्त्राला गॅरेजमध्ये ‘बूट’ म्हणतात. नाव बुटाचं, पण दिसायला पेटीच्या भात्यासारखा, घडीवर घडी. आत काळंकुट्ट ग्रीस भरलेलं. चाक वळलं की एका बाजूच्या घड्या मिटतात, दुसरीकडच्या ताणतात. चाक किलोमीटरला साडेपाचशेच्या वर फेऱ्या मारतं, आणि प्रत्येक फेरीला प्रत्येक घडीला हा व्यायाम. रबर कधीतरी थकतंच. घडीच्या तळाशी केसाएवढी चीर पडते, फिरण्याच्या जोरानं ग्रीस बाहेर उडू लागतं आणि त्याच चिरेतून पाणी, वाळू, चिखल आत शिरतो. विक्रोळीचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. एका अंगाला डोंगरउतारावरून वाहत येणारी माती, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागरांची खारी हवा. ग्रीस वाळूत मिसळलं की त्याची खरखरीत पेस्ट होते. आपला गृहस्थ स्वतःच्याच घरात घासला जाऊ लागतो.

आणि तरीही लगेच बोलत नाही. हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. काहीशे रुपयांचा बूट फाटल्यावर त्यानं त्याच दिवशी आरडाओरडा केला असता तर धुऊनपुसून, नवं ग्रीस भरून तो वाचला असता. पण तो आतल्या आत झिजत राहतो. खोबणीत खड्डे पडल्यावर, गोळे त्या खड्ड्यांत अडकून सुटायला लागल्यावर मग कट् कट् सुरू होते. त्याच्या बोलण्याची वाट बघणाऱ्या मालकाला नेहमीच उशीर झालेला असतो. बोलत नसताना त्याच्याकडे बघायचं असतं. चाकाच्या आतल्या बाजूला, स्प्रिंगवर, मडगार्डच्या पोटाला ग्रीसच्या शिंतोड्यांची काळी रेघ उमटलेली दिसली की समजावं, वस्त्र फाटलं.

या गाडीच्या बाबतीत तेवढं बघायचं राहून गेलं. कटकट सुरू झाल्यावर गाडी आधी एका गॅरेजमध्ये गेली. तिथे लिंक रॉड बदलला. आवाज तसाच. मग शॉकअप्सचं वरचं माउंटिंग. आवाज तसाच. मग व्हील बेअरिंग. चोर सोडून तीन संन्याशांना फाशी झाली, आणि आमचा गृहस्थ फाटक्या कपड्यात, फाटकाशी कटकट करत, ओळीनं तिघांची बोळवण बघत राहिला.

खरं तर प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो, फक्त ऐकायला थांबावं लागतं. व्हील बेअरिंग घुमतं. वेग वाढला की त्याचा घूंऽऽ वाढतो, आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी तो घुमायचा थांबत नाही. लिंक रॉड आणि बॉल जॉइंट खड्ड्यात बोलतात, मग इंजिन ओढत असो वा नसो. माउंटिंग गाडी जागच्या जागी उभी असतानाही स्टिअरिंग फिरवल्यावर कुरकुरतं. बाहेरच्या जॉइंटला मात्र तीन गोष्टी एकत्र लागतात: चाक फिरतं हवं, वळलेलं हवं आणि त्याच्यावर जोर हवा. तिन्हीतली एक काढून घेतली की तो गप्प.

लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका गल्लीतल्या मेस्त्रीनं हे पाच मिनिटांत करून दाखवलं. रविवारी सकाळी मोकळी जागा बघून त्यानं स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये जोर देत गोल फिरवली. कट् कट् कट्. तशीच फिरत असताना क्लच दाबला. शांत. क्लच सोडला, पुन्हा कट् कट्. मग उजवीकडे वळवून तेच. जवळजवळ काही नाही. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकावर येतं, म्हणून संशय आधी उजव्यावर. हा अंदाज झाला, निकाल नव्हे. निकाल गाडी जॅकवर चढवून शाफ्ट हातानं पिळल्यावर आणि बूट बघितल्यावर लागतो. बूट अर्धा फाटून लोंबत होता.

“हा बिचारा कधीपासून सांगतोय,” मेस्त्री म्हणाला, “तुम्ही दुसऱ्यांनाच विचारत बसलात.”

शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला याचा धाकटा भाऊ राहतो, आतला जॉइंट. त्याचा स्वभाव वेगळा. तीन रोलरवर उभा, वळण्यापेक्षा आतबाहेर सरकण्यात हुशार. चाक वरखाली झालं की शाफ्टची लांबी कमीजास्त लागते, ती तोच सांभाळून घेतो. तो झिजला तर कटकट करत नाही. पाय सोडल्या-दाबल्यावर एकच ठक्क आवाज देतो, किंवा चढावर जोर दिला की अख्खी गाडी डावी-उजवी थरथरवतो आणि पाय काढला की साळसूद होतो. वळणावरची कटकट म्हणजे थोरला, जोर देतानाची थरथर म्हणजे धाकटा. या दोन भावांची गल्लत करून चांगला जॉइंट भंगारात गेल्याचं मी पाहिलं आहे, आणि ते बघून जीव हळहळतो.

रेनॉच्या त्या काळच्या लहान गाड्यांत डाव्या बाजूचा धाकटा तर थेट गिअरबॉक्सच्या तेलातच बसतो. त्याचा बूट गिअरबॉक्सला बोल्टनं धरलेला. त्याला हात लावायचा तर आधी तेल काढायचं, नाहीतर सगळं तेल मेस्त्रीच्या बाहीत. आपला गृहस्थ उजवीकडचा, त्यामुळे तेवढा प्रसंग टळला.

बाहेर काढताना मात्र त्यानं आपला मान राखून घेतला. हबचा मोठा नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करायचा असतो, वर लटकवल्यावर चाक नुसतं फिरत बसतं. दोन माणसं आणि पानावर चढवलेला लांब पाइप, एवढ्यानं तो सुटला. शाफ्ट ओढताना मेस्त्रीचा एक हात कायम आतल्या जॉइंटखाली, कारण थोरल्याला ओढायला जावं आणि धाकट्याचे रोलर जागा सोडून निसटावेत, असं सहज होतं. मग व्हाइसच्या जबड्यात गोणपाट, त्यात शाफ्ट, आणि जॉइंटच्या गाभ्यावर पितळी ड्रिफ्ट ठेवून नेमका एक ठोका. आत त्याला अडकवून ठेवणारी सर्क्लिप मिटली आणि तो खाली उतरला. लोखंडी हातोडीनं चार ठोके घालूनही तो उतरतो, पण मग खोबणीच्या काठावर वण राहतात. जुन्या माणसाला असं हाताळू नये.

रॉकेलमध्ये धुतल्यावर त्याचं खरं रूप दिसलं. पिंजरा तिरका करून गोळे एकेक बाहेर काढले, आणि कुठला कुठल्या खोबणीतला हे लक्षात राहावं म्हणून वर्तमानपत्रावर क्रमानं मांडले. चार खोबणी नुसत्या चकचकीत. चकाकीची काळजी नसते, ती तर राबल्याची खूण. पण दोन खोबणींत नखाला अडेल असे खड्डे होते.

इथे एक जुनी युक्ती सांगायला हवी. गाडी आयुष्यभर पुढेच जाते, म्हणून गोळे खोबणीच्या एकाच अंगाला रेलून असतात. दुसरं अंग कोरं राहतं. जुन्या पोर्शेंच्या मागच्या एक्सलवर माहितगार लोक डाव्या-उजव्याची अदलाबदल करतात. जॉइंट नुसता कूस बदलून झोपतो आणि आणखी बरीच वर्षं देतो. मेस्त्रीच्या मनातही ते येऊन गेलं. पण कूस बदलणं हे सपाट झिजेवरचं औषध, खड्ड्यांवरचं नव्हे. खड्ड्याची कड तुटत जाते आणि तिचा चुरा सगळीकडे पसरतो. आणि चाकाला ताकद देणारा सांधा भर रस्त्यात तुटला तर गाडी जागेवर उभी राहते, मागून येणारा ट्रक नाही. मेस्त्रीनं मान हलवली. मला तो निर्णय पटला.

मग प्रश्न आला, दुसरा आणायचा कुठून. हा अशा घरचा, की याच्या नावाचं खोकं दुकानात मिळत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातले जॉइंट ढिगानं पडलेले असतात. २००७ साली महिंद्रा आणि रेनॉची लोगन नाशिकहून आली तेव्हापासून रेनॉचं नावही त्या रस्त्याला परकं नाही. पण नाव जुळलं म्हणून शेपटीवरचे दाते जुळत नाहीत.

हे काम सोसायटीतल्या काकांनी अंगावर घेतलं. ते गोदरेजच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या लाखो मतपेट्या आणि १९५५ पासूनचे टाइपरायटर ज्या कारखान्यांनी बनवले, त्या कारखान्यांच्या भोंग्यावर विक्रोळीच्या दोन-तीन पिढ्या उठल्या-झोपल्या. इथे अशा निवृत्त हातांना तोटा नाही, आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची रीत. काकांनी खडूनं एका दात्यावर खूण केली, बाहेरच्या शेपटीचे दाते मोजले, मग आतल्या गाभ्याचे. पुन्हा मोजले. मग व्हर्नियर काढून शेपटीचा व्यास, खांद्यापासून आट्यांपर्यंतची लांबी, आट्यांचा पिच, बूट जिथे बसतो त्या गळ्याचं माप, सर्क्लिपच्या खाचेची जागा. सगळं चौकटीच्या वहीत, आकृतीसकट. गृहस्थाची जन्मपत्रिका पहिल्यांदाच कुणीतरी मांडली. त्या कागदावरून माप जुळलेला नवा जॉइंट यायला तीन आठवडे लागले. आल्यावर काकांनी त्याचेही दाते मोजले.

नव्याला कपडे घालायचा सोहळाही मन लावून झाला. बूट आधी गरम पाण्यात मऊ केला. ग्रीस जॉइंटबरोबर आलेलं, मॉलिब्डेनमचं, काळं. डब्यातलं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. गोळे आणि खोबणी यांच्यामधला दाब इतका असतो की साधं ग्रीस पिळून बाहेर पडतं. मेस्त्रीनं अर्धंअधिक जॉइंटमध्ये बोटानं दाबून भरलं, उरलेलं बुटात. पाकिटात एक थेंब ठेवला नाही. पट्टी आवळायच्या आधी बुटाची कड किंचित उचलून आतली हवा सोडली, कारण कोंडलेली हवा घड्या फुगवते आणि फुगलेल्या घड्या एकमेकींना घासतात. पट्टी स्टीलची, बारीक तार गुंडाळून केलेली नव्हे. तार रबर कापते. डाव्या बाजूच्या थोरल्याच्या खोबणी स्वच्छ निघाल्या, पण बूट त्यालाही नवा दिला. दोघांचं वय एकच.

शेवटी हबला नवा नट, गाडी चाकांवर उतरवून, टॉर्क रेंच लावून. खटका ऐकू आल्यावर मेस्त्रीनं नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवली आणि हात पुसले.

संध्याकाळी गाडी बाहेर काढली. २०२५च्या जूनमध्ये सुरू झालेल्या विक्रोळीच्या नव्या उड्डाणपुलावरून रुळांपलीकडे पूर्वेला, महामार्गाला लागून वळसा घेऊन परत, मग पार्कसाइटच्या रस्त्याला. टप खाली होता. चढ लागला, पहिला गिअर पडला, स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत वळलं आणि पाय दाबला गेला. इंजिनाचा आवाज तेवढा आला. टायरखाली खडीचे दोन दाणे चुरचुरले.

फाटक बंद होतं. आत वॉचमन खुर्चीवर बसून रेडिओ ऐकत होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. मालकानं थोडं थांबून हॉर्न वाजवला.